क्रेनवरची बाई

क्रेनवाल्यानं वर बाई ठेवलीय, ही बातमी फुटली ती बांधकामाच्या फाटकाशी, आणि फोडली रखवालदारानं. आता रखवालदाराचं कामच मुळी लक्ष ठेवण्याचं. सिमेंट किती आलं, लोखंड किती गेलं यावर ते ठेवायचं असतं, पण सिमेंटकडे बघून कुणाचा दिवस गेलाय? माणसांकडे बघितलं की बरा जातो. त्यानं चहावालीच्या कानाशी लागून सांगितलं आणि वर बजावलं, "कुणाला बोलू नकोस." चहावाली शब्दाची पक्की. तिनं कुणालाही सांगितलं नाही. जो चहा प्यायला आला त्याला तेवढं सांगितलं.

आणि पुरावे होते, हो. उगीच कुणी कुणाचं नाव घेत नाही. क्रेनच्या केबिनला बाहेरून एक लोखंडी कठडा होता, त्यावर जांभळी शाल वाळत असलेली अर्ध्या गावानं पाहिली होती. बायकी शाल, काठाला फुलं. दोरीला बांधलेली बादली दिवसातून अनेकदा वर जाई, तिच्यात डबा, पाणी, आणि एकदा तर चक्क उशी. सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी वर चढलेला हा गृहस्थ शनिवारी साइट रिकामी होईपर्यंत जमिनीवर कुणाच्या दृष्टीस पडत नव्हता. पन्नाशी उलटलेला संसारी माणूस हवेत राहायला जातो, ते काय हवा खायला?

"पण ती चढली कशी?" गवंड्यानं विचारलं. शंका रास्त होती. शिडी सरळ उभी, मनोऱ्याच्या पोटातून वर गेलेली. भल्याभल्यांना घाम फुटायचा.

"चढायला कशाला हवी," रंगारी म्हणाला. "हूकला लावून नेली असेल अलगद. हात त्याचा सफाईदार आहे."

ते मात्र खरं होतं. हात सफाईदार होता. त्याला साइटवर सगळे घार म्हणत, आणि लाडात आले की घारोबा. काचेच्या तावदानांचा अख्खा गठ्ठा तो अशा नाजूकपणे टेकवायचा की खाली उभ्या असलेल्याला वाटावं, कुणी झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतंय. केबिन म्हणजे केवढी, तर एक खुर्ची, दोन्ही हातांशी दोन दांडे आणि पायाखाली जाड काच. त्या काचेतून हूक दिसायचा, हूकच्या खाली माणसं, आणि हे सगळं त्याला दिसायचं स्वतःच्या दोन गुडघ्यांच्या मधून. सगळी हयात त्यानं जग असंच पाहिलं. डावीकडे डावा गुडघा, उजवीकडे उजवा, मधल्या फटीत दुनिया. त्यामुळे उजवा गुडघा सुजायला लागला तेव्हा ते सगळ्यात आधी त्यालाच दिसलं. फट अरुंद झाली.

आता हा गुडघा बिघडला कसा, ते सांगायला हवं, कारण त्यात क्रेनवाल्यांच्या जातीचा मूर्खपणा आहे. या लोकांत एक रीत होती. दिवस संपला की शिडी उतरायची, पण शेवटच्या काही पायऱ्या पायांनी उतरायच्या नाहीत. उडी मारायची. दोन्ही पाय एकदम जमिनीवर, धप्प, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चालू लागायचं. जो पायरी-पायरीनं खाली आला त्याला बाकीचे विचारत, "काय आजोबा, काठी आणू का?" एवढ्या एका वाक्याच्या भीतीनं ही धडधाकट माणसं वर्षानुवर्षं सिमेंटवर उड्या मारत आली. माकडंसुद्धा झाडाखाली माती बघून उतरतात.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका बांधकामावर, एका संध्याकाळी शेजारच्या साइटवरचा क्रेनवाला भेटायला आला होता. त्याला वटवाघूळ म्हणत. घारीचं आणि वटवाघळाचं वाकडं नव्हतं, पण सरळही नव्हतं. वटवाघूळ म्हणाला, "आमच्याकडे याच्याहून वरनं मारतात." झालं. घारोबा नेहमीपेक्षा आणखी वरून सुटला. खाली सळईचा तुकडा पडलेला. पाय त्यावरून सरकला, अंग एकीकडे वळलं, गुडघा दुसरीकडे, आणि आतमध्ये वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्यानं हसून वटवाघळाला सलाम ठोकला, विटांच्या ढिगामागं गेला आणि तिथं भडभडून ओकला.

दुसऱ्या दिवशी गुडघा कलिंगडाएवढा. तरी चढला. कारण केबिनची खुर्ची ही अशी खुर्ची असते की एकाचं बूड उठलं की ती थंड व्हायच्या आत दुसऱ्याचं टेकतं. दुखापत झालेला क्रेनवाला म्हणजे तुटलेला कप. फेकत नाहीत, पण पाहुण्यांपुढे ठेवत नाहीत. महिन्याभरानं सूज उतरली. झाकली मूठ झाकलेलीच राहिली.

पुढची वर्षं तो गुडघा आतल्या आत कुरकुरत गेला. आधी नुसता आवाज, मग सकाळचा ताठरपणा, मग जिना. चढताना एक वेळ चालायचं. उतरताना मात्र दर पायरीला कुणीतरी गुडघ्याच्या वाटीखाली सुरी खुपसायचं. त्याचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तो जिना उलटा उतरू लागला, तोंड घराकडे आणि पाठ रस्त्याकडे.

"हे काय नवीन?" बायकोनं विचारलं.

"शिडी अशीच उतरतात. सवय."

"इतकी वर्षं नव्हती ती?"

"वय झालं की सवयी पक्क्या होतात."

बायको लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर गरम इस्त्रीपुढे उभं राहून तिची जीभही तापलेली असे, पण मन सुती, लवकर चुरगळणारं. नवऱ्याचा गुडघा दुखतो एवढं तिला माहीत होतं. किती, ते त्यानं कधी कळू दिलं नाही. तिनं तेलं आणली, पट्टा आणला, मिठाची पुरचुंडी गरम करून शेकली. तिच्या भावानं, म्हणजे मेहुण्यानं, एक पावडर आणून दिली. मेहुणा दर वर्षी काहीतरी नवं विकायचा. या वर्षी शार्क माशाच्या कूर्चेची पावडर.

"हाडांच्या टोकाला जी गुळगुळीत गादी असते ना, ती कूर्चा, ती झिजलीय तुमची," मेहुणा म्हणाला. "शार्कला हाडं नसतातच, सगळी कूर्चाच. शार्कचे सांधे कधी दुखलेले ऐकलेत?"

"माशाला गुडघे असतात कुठे दुखायला?" बहीण म्हणाली.

पावडर दुधातून घेतली, पाण्यातून घेतली, शेवटी नाक दाबून घेतली. घराला कोळीवाड्याचा वास सुटला. गुडघा जिथल्या तिथं.

मग एक दिवस तो गुपचूप हाडांच्या डॉक्टरणीकडे गेला. बरोबर शिट्टी होता. शिट्टी म्हणजे खाली उभा राहून क्रेनला खुणा करणारा, त्याचा जिवलग. तोंडात कायम शिट्टी, म्हणून नावही तेच. वर घार, खाली शिट्टी, अशी ही जोडी. नवऱ्याचं बायकोशी जेवढं पटत नाही तेवढं या दोघांचं पटायचं, कारण दोघांच्या मध्ये भरपूर अंतर होतं.

डॉक्टरीण तरुण होती, पण बोलण्यात आजीबाई. तिनं क्ष-किरणांचा फोटो दिव्यापुढे धरला. डाव्या गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये काळी फट दिसत होती. उजव्यात ती जवळजवळ नव्हतीच.

"ही फट म्हणजे तुमची कूर्चा. फोटोत ती दिसत नाही, तिची जागा दिसते. इथं जागाच उरलेली नाही. हाड हाडावर घासतंय. कधी मार लागला होता?"

त्यानं उडीचं सांगितलं.

"तेव्हा का नाही आलात?"

त्यानं विजार गुडघ्यावरून खाली ओढली. शिट्टीनं छताकडे पाहिलं.

"तेव्हा जखम एवढीशी असणार. नाण्याएवढी. फाटलेलं शिवता आलं असतं. नाहीतर तुमच्याच कूर्चेतल्या थोड्या पेशी काढून, वाढवून त्या खळग्यात भरल्या असत्या. ठिगळ लावायला चारी बाजूंनी कापड धड लागतं. आता सगळंच विरलंय. लावू कशाला?"

"पण जखम भरते ना आपोआप? हाड मोडलं तरी जुळतं."

"हाडाला रक्त मिळतं. कूर्चेत रक्तवाहिनीच नाही. ती स्पंजासारखी जगते. दाबली की जुनं पाणी जातं, सोडली की नवं शोषून घेते. म्हणून हालचाल हवी, पण हलकी. सायकल चालवा, पोहा, वजन उतरवा, मांडीचे स्नायू घट्ट करा. गुडघ्याचा भार ते उचलतील. उरलंय तेवढं जपा. पुढेमागे सांधाच बदलावा लागेल. आणि शिडी बंद."

हालचाल, स्पंज, मांडी, हे सगळं त्याच्या डोक्यावरून वाऱ्यासारखं गेलं होतं. एकच शब्द कानात अडकला.

"चढणं बंद की उतरणं बंद?"

डॉक्टरणीला वाटलं, माणूस विनोदी आहे. "उतरताना सांध्यावर जास्त जोर येतो, हे खरं," ती म्हणाली. "पण जो चढतो त्याला उतरावं लागतंच की."

त्यानं मान डोलावली. बाहेर आल्यावर शिट्टीला म्हणाला, "ऐकलंस? चढायला हरकत नाही."

"ती असं कुठं म्हणाली?"

"झीज उतरण्यानं होते. रोज उतरतो म्हणून रोज झिजते. आठवड्यातून एकदाच उतरलो तर?"

शिट्टीनं पहिल्यांदाच तोंडातली शिट्टी काढून हातात घेतली. "घारोबा, तू काय बोलतोयस?"

"मी वर राहणार."

यंत्रावरच्या माणसाचा हिशेब आहे हा. भाग झिजत असेल तर तो चालवू नका, झाकून ठेवा. गंमत अशी की स्वतःच्या क्रेनला त्यानं हे कधी केलं नसतं. काम संपल्यावर क्रेनचा ब्रेक सोडून ठेवायचा असतो, म्हणजे तिचा लांब हात वाऱ्याबरोबर मोकळा फिरतो. ब्रेक आवळून ठेवला आणि वारा अंगावर आला तर मनोरा कोलमडतो. हे त्याला पाठ होतं. स्वतःच्या सांध्याचा ब्रेक मात्र तो आवळायला निघाला होता. पण असं करायची पाळी का आली, हेही बघा. क्रेनवाल्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी दोन-तीन महिन्यांवर होती. इंजिनिअरला संशय जरी आला तरी खुर्ची जाणार होती. आणि खाली त्याला कोण ओळखत होतं? खाली तो लंगडणारा, जिना उलटा उतरणारा, पोट सुटलेला गृहस्थ. वर बसला की अख्खी इमारत त्याच्या मनगटाच्या हलण्याकडे बघत उभी. मरणाला तो तितकासा भीत नव्हता. त्या खुर्चीवरून उठायला भीत होता.

बायकोला सांगितलं, वाऱ्याचे दिवस आहेत, क्रेनवर कायम माणूस लागतो, डबल ड्यूटी. तिनं डबा वाढवून द्यायला सुरुवात केली आणि थंडी लागेल म्हणून आपली जांभळी शाल दिली. डबा शिट्टी आणायचा, बादलीत ठेवायचा, घारोबा ओढून घ्यायचा. बाटल्या भरलेल्या वर जायच्या आणि भरलेल्याच खाली यायच्या; फक्त भरणा वेगळा. त्या रिकाम्या करण्याचं काम शिट्टीनं मुकाट्यानं केलं. मैत्रीची परीक्षा लोक उगाच रणांगणावर घेतात.

पहिला आठवडा स्वर्ग. गुडघा शांत. रात्री केबिन वाऱ्याबरोबर फिरायची. झोपताना समोर नदी असायची आणि जाग यायची तेव्हा समोर कारखान्याची धुराडी. तो मनाशी म्हणाला, डॉक्टरणीला काय कळतंय.

दुसऱ्या आठवड्यात सकाळी पाय सरळ होईना. तिसऱ्यात तो सरळही होईना आणि वाकेनाही. खुर्चीत बसून बसून सांधा जुन्या बिजागरीसारखा धरला. मांडी तर हाड हाताला लागेल इतकी बारीक झाली, दुसऱ्या मांडीपुढे काठीच. शनिवारची उतरण आता तास खाऊ लागली. खाली शिट्टी हात पसरून उभा राहायचा, जसा काही झेलणारच होता. तो एकेका पायरीवर कपाळ टेकून थांबायचा, आणि लोखंडाला त्याच्या कपाळाचा घाम लागायचा. रविवार तो घरी डबल ड्यूटीचा शीण सांगून अंथरुणात काढायचा, आणि सोमवारी पहाटे हातांच्या जोरावर पुन्हा वर चढायचा. शाल तो गुडघ्याला गुंडाळायचा, सकाळी दवानं ओली झाली की कठड्यावर टाकायचा. ती तिथं फडफडायची, आणि खाली चहा खपायचा.

एका शनिवारी तो शिट्टीला म्हणाला, "सोमवारी वर गेलो की मी परत उतरतच नाही."

"मग इमारत पूर्ण झाल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा."

"क्रेन सोडवतील तेव्हा तुलाही सुट्टं करून नेणार का ट्रकमध्ये घालून?"

त्याला हसू आलं नाही. शिट्टीलाही.

इकडे बाईची बातमी साइटवरून लाँड्रीत पोचली. पोचायला वेळ लागला, कारण रस्त्यात तिला बरंच नटायचं होतं. लाँड्रीत पोचली तेव्हा बाई तरुण, घटस्फोटित आणि इंजिनिअरची मावसबहीण झाली होती. इस्त्री करणाऱ्या एकीनं ती हळूच सांगितली, आणि सांगताना डोळ्यांत पाणीही आणलं, कारण दुसरीच्या संसारात आग लागली की धूर आपल्या डोळ्यांत जातोच.

बायकोनं इस्त्री उभी केली, पदर खोचला आणि भर दुपारी साइटवर आली. रखवालदारानं फाटक असं उघडलं की जणू वरात यायचीय. तिनं वर पाहिलं. कठड्यावर शाल वाळत होती.

ती बराच वेळ बघत राहिली. काठाची फुलं तिनं स्वतः विणली होती. तिला कळलं की वर बाई नाही. मग काय आहे, ते कळेना. बाई असती तर बरं झालं असतं, असं वाटायची वेळ एखाद्या बायकोवर येते ती अशी.

शिट्टीकडे गेली. "भाऊजी, काय आहे वर?"

शिट्टीनं तोंडातली शिट्टी खिशात टाकली. मग त्यानं आपली वॉकीटॉकी तिच्या हातात दिली. "दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, वहिनी. आणि सगळे ऐकतात. इंजिनिअरसाहेबसुद्धा."

साइटवर जेवढे संच होते तेवढ्यांभोवती माणसं गोळा झाली. रंगारी ब्रश तसाच धरून उभा. गवंड्यानं थापी खाली ठेवली.

"अहो," ती म्हणाली.

खरखर. मग, "कोण?"

"तुमची पहिली."

हशा पिकला. वर तो खुर्चीत बसला होता. दोन गुडघ्यांच्या मधून, काचेतून त्याला ती दिसत होती. एवढीशी, कपाळावर हात आडवा धरलेली.

"तू कशाला आलीस?"

"दुसरीला भेटायला. बाहेर पाठवा की जरा."

त्यानं बटण दाबलं. खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. ते ओठांवर आलंही. पण ते वाक्य तिच्याबरोबर इंजिनिअरच्या खोलीतही ऐकू जाणार होतं आणि खुर्ची तिथल्या तिथं गेली असती. माणूस पाण्यात बुडायला लागला की काडीला धरतो म्हणतात. यानं अफवेला धरलं.

"झोपलीय ती," तो म्हणाला.

खाली नुसता कल्लोळ. रंगारी खाली बसून हसला. रखवालदारानं सगळ्यांकडे असं पाहिलं की सांगत नव्हतो?

बायको हसली नाही. तिनं आवाज ओळखला. मूल पडलं आणि लागलं नाही म्हणून सांगू लागलं की त्याचा आवाज असा येतो.

"माझी शाल कशाला लागते तिला?"

"थंडी वाजते."

"कुठं?"

पुन्हा खरखर. "सांध्यांत."

"म्हातारी ठेवलीय लेका!" कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

तिच्या डोळ्यांपुढून जिना गेला, उलटा उतरणारा नवरा गेला, डबल ड्यूटी गेली. तिनं बटण इतकं घट्ट दाबलं की नख पांढरं पडलं.

"फार दुखतं का हो तिला?"

"फार."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू खाली आणलं असतंस."

"तिला म्हणावं, मी भांडायला नाही आले. घरी न्यायला आलेय."

आता हसणं विरळ झालं. दोघा-चौघांना काहीतरी चुकतंय असं वाटू लागलं होतं. तेवढ्यात इंजिनिअर खोलीतून बाहेर आला, त्याचं डोकं फिरलेलं. "हा काय तमाशा आहे? खाली या आणि घरचं घरी मिटवा. आत्ताच्या आत्ता."

म्हणजे आता उतरणं आलं. शनिवारी नाही, रिकाम्या साइटवर नाही. भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्यानं गुडघ्याला शाल आवळली, ब्रेक सोडला, दार उघडलं. चांगला वाकवत दुखरा पाय आधी खाली टेकवायचा, मग चांगला त्याच्या शेजारी आणायचा, पुन्हा दुखरा खाली. मनोऱ्यात ठरावीक अंतरावर लोखंडी फळ्यांचे छोटे कट्टे असतात दम खायला. पहिला कट्टा आला. दुसरा आला. दुसऱ्याच्या खाली दोन-चार पायऱ्या गेला आणि आत काहीतरी सुटं झालेलं सांध्याच्या फटीत येऊन बसलं. दारात खडा अडकावा तसं. पाय ना वाके, ना सरळ होई. हातांच्या जोरावर त्यानं स्वतःला परत कट्ट्यावर ओढून घेतलं आणि बसला. खालून टिंगल चालू होती. ती हळूहळू बंद पडली, कारण वर बसलेला माणूस हलत नव्हता.

"अहो," ती वॉकीवर म्हणाली.

त्याचा संच केबिनमध्येच राहिला होता. तो उत्तर देऊ शकत नव्हता. तिला ते माहीत नव्हतं. ती बोलतच राहिली.

त्याला माणसं उचलायच्या लोखंडी पाळण्यात बसवून क्रेननं उतरवता आलं असतं. अवघं दोन मिनिटांचं काम. फक्त क्रेन चालवणारा माणूस तोच होता. इंजिनिअरनं शेजारच्या साइटवर माणूस धाडला; याही खेपेला शेजारी वटवाघूळच होता, तो आला. आला तो सावकाश आला, आणि शिडी चढताना कुणाशी बोलला नाही. कट्ट्यावर पोचल्यावर त्याला घारोबाच्या आडव्या पायावरून ओलांडून जायचं होतं. तो थांबला. धापा टाकत होता.

"काय रे घारोबा?"

"गुडघा."

"कधीपासून?"

"त्या उडीपासून."

वटवाघळानं खाली पाहिलं. एवढ्या उंचीवर दोघांचं कुणाला ऐकू जात नव्हतं. "माझा डावा," तो म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

मग तो पायावरून ओलांडून वर गेला. कठड्याला धरून, दात आवळून, चांगला पाय आधी.

पाळणा आला. वटवाघळानं तो कट्ट्याशी असा टेकवला की फळी वाजली नाही. घारोबा सरपटत त्यात शिरला आणि आयुष्यभर ज्यांना त्यानं उतरवलं त्या सळया-काचा-विटांसारखा स्वतः उतरला. खाली पाळण्याचं दार उघडलं तेव्हा त्याला उभं राहता येईना. बायको गुडघ्यांवर बसली आणि तिनं शाल सोडून पाहिलं.

"मेंदू गुडघ्यात असतो काहींचा," ती म्हणाली. "तुम्ही तोही झिजवलात."

शिट्टी रडत होता. इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. म्हणून त्यानं ते सगळ्यांसमोर सांगितलं नाही. बाजूला येऊन हळूच म्हणाला, "शिडी आता तुम्हाला बंद. माझ्या हातात काही नाही." घारोबानं मान हलवली. त्या वेळी वर केबिनमधून वटवाघूळ खालचा अंदाज घेत होता, आणि मनोऱ्याचा लांब हात त्याच्या हुकमानं वळत होता.

डॉक्टरणीनं दुर्बीण घालून सांध्यातला सुटा तुकडा काढला. बाकीचं होतं तसंच. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. रोजचा व्यायाम दिला: खुर्चीत बसायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, पाय उचलून सरळ धरायचा. बायको लाँड्रीतून आली की समोर उभी राहते. "आणखी थोडा वेळ. धरा. सोडू नका." तो धरतो, आणि मांडी थरथरायला लागते. सांधा बदलायची वेळ येईपर्यंत उरलेलं जपायचं, एवढंच आता त्याच्या हातात आहे. क्रेन दिसणाऱ्या खिडकीकडे तो पाठ करून बसतो.

मधूनमधून शिट्टी येतो. बोलायला फार काही नसतं, म्हणून साइटवरच्या गप्पा आणतो. गेल्या खेपेला म्हणाला, "ती बाई आता रंगाऱ्याबरोबर पळाली म्हणे."

"कधी?"

"तू उतरलास त्याच रात्री. रखवालदारानं स्वतः पाहिलं."

घारोबा हसला. मग हसणं कुठंतरी वळलं, आणि बायको चहा टाकायच्या निमित्तानं आत गेली.

रखवालदार अजून तिथंच आहे, आणि नव्या माणसाला तो ही गोष्ट अजून सांगतो.

वर बाई कधीच नव्हती. शाल त्याच्या बायकोची होती आणि तो ती गुडघ्याला गुंडाळत असे. त्याच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा संपली होती. त्याला चढता येत होतं, उतरता येत नव्हतं.